तात्यांबरोबर लोणंद ते पंढरपूर

ऑफिसात जो तो विचारतो, वारी केली म्हणे तुम्ही, कसं वाटलं, आणि मी आपलं पायाला फोड आले पण मस्त वाटलं असं काहीतरी बोलून सुटतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. पूर्ण वारी नाही केली, लोणंद ते पंढरपूर केली, २०२३ साली, आणि तीही माझ्या मनात आलं म्हणून नाही, तात्यांच्या मनात आलं म्हणून.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. फौजेत होते. डावा पाय गुडघ्याखाली नाही, १९८९ ला श्रीलंकेत गेला. गावात नवीन पोरं विचारतात, तात्या कारगिलला का? तर तात्या व्हय म्हणतात, किती जणांना समजावत बसणार. शांतिसेना १९८७ च्या जुलैत तिकडं गेली, १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत आली, अकराशेच्या वर जवान तिकडंच गेले, आणि ती तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागतालासुद्धा आले नाहीत. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेला दगड आहे, १९१४ ते १९१९ च्या लढाईला गावातनं किती गेले आणि किती मेले त्याचा, सातारा जिल्ह्यात असे दगड बऱ्याच गावांत दिसतील. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची लढाई भिंतीत आहे आणि श्रीलंका तात्यांच्या पॅन्टच्या आत.

लहानपणापासून आम्हाला तात्यांच्या दोन सवयी माहीत. एक म्हणजे चहा. कप हातात आला की तो संपेपर्यंत माणूस उठणार नाही, दारात पाव्हणा येऊ दे नाहीतर म्हैस सुटू दे. काकू यावरनं चौतीस वर्षं बोलतीये. आणि दुसरी म्हणजे मातीत पाय टाकत नाहीत. शेतकऱ्याच्या घरातला माणूस पण नांगरलेल्या रानात उतरणार नाही, मळलेल्या पायवाटेनं चालणार, पायवाट संपली की तिथंच उभं राहून वडिलांना हाका मारणार. आम्हाला वाटायचं नकली पाय रुततो म्हणून.

वारीला का नाही गेलात इतकी वर्षं असं विचारलं तर म्हणाले, "तितं सारकं पाया पडत्यात रं." आता हे खरंच आहे, वारीत लहानमोठं कुणी बघत नाही, समोर आला तो माउली, वाकले की पडले पाया. तात्यांना ते नको होतं. १९८९ च्या आषाढात ते पुण्यात वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये होते, पालखी पुण्यातून हडपसरकडं निघते ती त्याच बाजूनं, वॉर्डातले दोघंतिघं व्हीलचेअरवर बघायला गेले होते, हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, पण खूप नंतर, फलटणच्या पुढं.

तर लोणंद. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, नीरेत पादुकांचं स्नान होतं आणि मग मुक्काम लोणंदला. आम्ही तिथंच गाठली. गावातल्या ओळखीनं एका दिंडीत जेवणखाणाची भिशी भरली, दोघांच्या वळकट्या ट्रकात टाकल्या. ट्रकात बसून या म्हणून दिंडीवाल्यांनी दहादा सांगितलं, तात्या म्हणाले दमलो की बसतो. त्या वर्षी पाऊस लांबलेला, जूनमध्ये मे महिन्याचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं.

पहिल्याच दिवशी तात्यांना वारी आवडून गेली आणि त्याचं कारण भक्ती वगैरे नव्हतं. कारण होतं कर्णा. पालखी निघायच्या आधी तीनदा कर्णा वाजतो, पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. लाखो माणूस आणि कुणी कुणाला ढकलत नाही, दिंड्यांना नंबर, रथाच्या पुढं कोण आणि मागं कोण ते ठरलेलं. तात्या बघतच राहिले. मी सांगितलं की ही सगळी घडी हैबतबाबा आरफळकरांनी बसवली, १८३२ च्या सुमाराला, आपल्या साताऱ्याकडच्या आरफळचे, आणि ते आधी ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत सरदार होते. "तरीच," तात्या म्हणाले, "म्हंजी फौजीनं लावलेला फॉल-इन हाय ह्यो." त्यानंतर पंढरपूरपर्यंत, हातात दंड घेऊन शिस्त बघणाऱ्या चोपदारांचा उल्लेख ते सुभेदार मेजर साहेब असाच करत होते.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथं पहिलं उभं रिंगण. ते रस्त्यावरच होतं, दोन्ही बाजूला दिंड्या आणि मधून घोडे, त्यामुळे काही प्रश्न आला नाही. तिथं गर्दीत परभणीकडच्या एक आजी तात्यांच्या पाया पडल्या. फायबरवर बोटं टक्कन वाजली. मी घाबरलो की आता तात्या चिडतात. आजींनी वर बघितलं, परत खाली बघितलं, त्या पायावर पुन्हा एकदा डोकं टेकवलं आणि "राम कृष्ण हरी" करून निघून पण गेल्या. तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत मग म्हणाले, "त्येला काय कळतंय व्हय." रात्री तळावर पाय काढून ठेवल्यावर मात्र म्हणाले की आज घोटा लई खाजतोय. जो नाही तो घोटा. हे त्यांचं पहिल्यापासून आहे, नसलेला पाय खाजतो, ठणकतो, थंडीत त्याच्या बोटांत मुंग्या येतात, आणि खाजवायचं कुठं हा प्रश्न.

त्याच संध्याकाळी समाज आरती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ, आणि चोपदार चांदीचा चोप वर करून "हो" म्हणून ओरडतात की एका क्षणात शांत. म्हणजे फॅनचं बटण बंद केल्यासारखं नाही, फॅन तरी थोडा वेळ फिरतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ते टाळ वाजवतच राहतात, मग चोपदार तिकडं जातात. आणि मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, कुणाचा चष्मा, कुणाचा मोबाईल, कुणाची टाळजोडी.

त्या शांततेत तात्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं. मग पुकारा सुरू झाला तसा हात सैल झाला, आणि ते हळूच म्हणाले, "माजा मग बी ऱ्हायलाय, सांगू का त्यास्नी?"

मला वाटलं खरंच चहाचा मग राहिला लोणंदला. तर नाही. श्रीलंकेत, त्या दिवशी पहाटे पेट्रोलिंगला निघायचं होतं. लंगरमधून चहा आलेला, इतका गरम की तोंड भाजत होतं. तेवढ्यात चला चला झालं म्हणून यांनी मग एका दगडावर ठेवला, आल्यावर पितो म्हणून. पुढं पाऊण तासात पाय गेला. जॉनी माइन म्हणायचे त्याला, लाकडी डबीतला सुरुंग, मशीनला धड सापडायचा नाही. "आवाज न्हाई आटवत मला," तात्या म्हणाले, "त्या येळंला समदं गप झालं, आत्ता झालं तसं. आन डोक्यात काय आलं सांगू? चहा गार झाला आसंल."

एवढंच. पुढचं काही सांगितलं नाही, मी विचारलं पण नाही, पंगतीत बसायला बोलावत होते. मी जेवता जेवता काकूचा विचार करत होतो, चौतीस वर्षं ती त्या चहावरनं भांडतीये.

फलटणला मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी बरडच्या वाटेवर पायाचा पट्टा तुटला. गुडघ्याच्या वर चामड्याचा पट्टा असतो, त्याच्यावर पाय पेलतो, घामानं कुजलेला तो. रस्त्याकडेला बसवलं, ठुंठ लाल झालेलं, एका ठिकाणी साल गेलेली. मी म्हटलं झालं, आता ट्रक. पण वारीत रस्त्यानं चांभार बसलेले असतात, वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात, ती त्यांची सेवा. एक पन्नाशीचे गृहस्थ होते, त्यांच्यापुढं मी तो अख्खा पाय नेऊन ठेवला. ते दचकले वगैरे नाहीत. उलटासुलटा करून बघितला, जुनी शिवण रापीनं काढून टाकली, चामड्याचा नवा तुकडा कापून आतून जोड दिला, आणि दोऱ्याला मेण लावून आरीनं एकेक टाका घालत बसले, लाल दोरा होता, त्यांच्याकडं तोच जाड होता म्हणे. अर्धा तास लागला. पैसे विचारले तर हात जोडले. मग आतल्या बाजूनं बोट फिरवून बघितलं कुठं टोचतंय का, आणि म्हणाले, "माउली, जिथं घासतंय तिथं मऊ बाजू आत केलीये." तात्या त्यांच्या पाया पडायला गेले तर एका पायावर तोल राहीना, दोघं एकमेकांना धरून तसेच उभे. वानवडीची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती या नंतरच्या दोन किलोमीटरमध्ये.

नातेपुते वगैरे भरभर गेलं, धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला, पिठलं-भाकरी आणि ठेचा, टँकरखाली अंघोळ, पहाटे चारला काकडा. तात्यांची एकच तक्रार, बंबातलं गरम पाणी नाही. घरी ते पाटावर बसून, पाय भिंतीला टेकवून ठेवून दोन बादल्या कढत पाण्यानं अंघोळ करतात, त्यात कुणी हाक मारलेली चालत नाही. दिंडीत बाकीचे विठ्ठलाचं बोलायचे आणि हे बंबाचं.

मग सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याचं गोल रिंगण. रिंगणाचं मैदान सपाट केलेलं होतं पण गर्दीमुळे आम्हाला शेजारच्या नांगरट केलेल्या रानातून जावं लागणार होतं. तात्या बांधावर थांबले. मी म्हटलं रुततोय का पाय, मी धरतो. तर ते ढेकळांकडं बघत होते, रुतण्याचा विषयच नव्हता, आणि मला तेव्हा कळलं, पस्तिसाव्या वर्षी, की लहानपणापासून आम्ही काय बघत होतो.

"तू फुडं हो," म्हणाले. मी पुढं झालो. मागं वळून बघितलं तर माझा पाय जिथं पडला बरोबर त्याच खड्ड्यात ते पाय टाकत होते. आधी काठी, मग पाय. मी मग पावलं जवळजवळ टाकायला लागलो, त्यांना झेपतील अशी. शंभर पावलं असतील, मला शंभर मैल वाटली, कारण एकदम डोक्यात आलं की पुढं चालणारा मी आहे.

रिंगण झालं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. घोडे धावून गेले की लोक टापांखालची माती उचलायला तुटून पडतात, कपाळाला लावतात, मग फुगड्या, हुतूतू, मनोरे, बाया-बापे सगळे. हजारो पाय त्या मातीत नाचत होते. तात्या कडेला काठीवर रेलून बराच वेळ बघत उभे होते, बहुतेक मोजत होते.

"एवढं मानूस तुडवून गेलं," ते म्हणाले. "आता काय ऱ्हायलं न्हाई खाली."

आणि मला न सांगता गेले आत. वाटेनं नाही, कुणाच्या पावलावर नाही, आडवेच. मधोमध जाऊन वाकले, चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली नाही, बोटांत चोळून बघितली, शेतकरी बघतो तशी, आणि झटकून टाकली. म्हणाले जमीन चांगली हाय.

येताना मात्र परत म्हणाले, तू फुडं हो.

पंढरपूरला २९ जूनला एकादशी होती, त्याच दिवशी बकरी ईदही आलेली. दर्शनबारीत उभं राहायची ताकद नव्हती, आम्ही कळसाचं दर्शन घेऊन एसटी पकडली. घरी पोचलो तर काकूनं बंब पेटवून ठेवलेलाच होता. तात्या अंघोळीला बसले, पाय भिंतीला टेकवलेला, काकू तो पुसायला घेऊन बसली. लाल टाक्यांवरनं बोट फिरवत तिनं विचारलं, कुणी केलं हे? मी सांगितलं. पुण्याला नेऊन नवा पट्टा बसवून आणू का, असं मी मोरीच्या दाराशी जाऊन विचारलं, तर आतून तांब्याचा आवाज थांबला.

"नगं. आतनं मऊ हाय त्यो," तात्या म्हणाले, "आन आंगुळ करताना बोलवू नगंस म्हनून किती येळा सांगितलंय तुला."