भात्याचं गाणं

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये एकच गाणं लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या दिवशी प्रत्येक शेडमधून काही ना काही वाजत असतं, बहुतेक ठिकाणी डीजेवालं. आमच्याकडं मात्र ‘ऐरणीच्या देवा तुला’. दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट, सगळं पुसून झेंडूच्या माळा घालायच्या आणि आजोबांच्या ऐरणीवर हळदकुंकू वाहायचं. ती ऐरण भुदरगडातल्या आमच्या गावाहून टेम्पोत घालून आणलेली. तिच्यावर आता काही घडत नाही. पोरं चहाचे कप ठेवतात, मी ओरडतो.

वडलांची कॅसेट अजून आहे. फीत दोनदा तुटली आणि त्यांनी ती दोन्ही वेळा नेलपॉलिशनं चिकटवली, त्यामुळं दुसऱ्या कडव्यात गाणं जरासं उडी मारतं. मोबाइलवर ऐकतानाही मी त्या जागी थबकतो. आतल्या कागदावर ‘संगीत : आनंदघन’ असं छापलंय. वडील बरीच वर्षं समजत होते की आनंदघन म्हणजे कुणीतरी कीर्तनकार बुवा असणार. लता मंगेशकरांनीच ते नाव घेतलंय हे कळल्यावर म्हणाले, “मग गायलंय कुणी?” “त्यांनीच की.” “आन् चाल?” “ती बी त्यांचीच.” त्यांना ही लबाडीच वाटली.

भालजी पेंढारकरांच्या चार चित्रपटांना लताबाईंनी या नावानं संगीत दिलं. ‘साधी माणसं’ त्यातला 1965 चा, आणि आमचं गाणं याच चित्रपटातलं. त्याच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण हे उघड झालं. एरवी त्या गप्पच बसल्या असत्या असं मला वाटतं. गाण्याचे शब्द जगदीश खेबुडकरांचे, म्हणजे आपल्याच हळदी गावचे, पेशानं मास्तर. ‘पिंजरा’तल्या ठसकेबाज लावण्याही याच माणसाच्या. त्यांच्यावर लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल, आणि आमच्याकडं त्यांच्याबद्दल तावातावानं बोलणारे कट्ट्यावर रोज भेटतात.

मला सांगायचंय ते आज्जीचं.

हे गाणं घणाचं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ऐरण म्हटलं की घण आलाच. आजोबा सांडशीत लाल फाळ धरायचे, हातोडीनं ठक करून जागा दाखवायचे, आणि समोरचा तिथंच घण घालायचा. वडील लहानपणी समोर उभे राहायचे. त्यामुळं गाणं लागलं की ते मांडीवर घणाचा ठेका धरायचे. पण तो ठेका जमायचाच नाही, मधेच सुटायचा.

एकदा आज्जी दारात लसूण सोलत बसली होती. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “आरं, ते घणाचं न्हवं, भात्याचं हाय. बाई म्हणतीया न्हवं ती?”

वडील गप्प झाले. गाणं म्हणते ती लोहाराची बायको. धन्यासाठी मागणं मागते. आणि लोहाराच्या घरी भाता ओढायला असायची ती बायकोच. आज्जीनं जन्मभर ओढला. पोटात पोर असतानाही. भाता घाईनं ओढून चालत नाही, कोळसा उडतो आणि जाळ फाटतो. कमी ओढला तर लोखंड काळं पडतं आणि नवरा खेकसतो. ओढायचा, भरू द्यायचा, सोडायचा. मला राग-ताल कळत नाहीत. पण त्या दिवसापासून ओळ लांबते आणि खाली येते तिथं मला भात्याचा श्वासच ऐकू येतो. पुढच्या एका कडव्यात तर भात्याचा सूर सरळ शब्दांतच आलाय. इतकी वर्षं ते आमच्या कानावरनं नुसतं गेलं.

खेबुडकरांनी लोहाराचा भाता किती जवळून बघितला असेल देव जाणे. आज्जीचं मत स्पष्ट होतं : “मास्तरानं भाता वडला नसंल, पर वडणारीकडं बघितलं आसंल.”

आता आमच्याकडं बटणाचा ब्लोअर आहे, तोही महिन्यातून एकदा लागतो. आज्जीच्या भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं. दांडा तेवढा राहिला. सागवानी, हाताच्या जागी गुळगुळीत झालेला. तो ऐरणीच्या वर खिळ्याला टांगलाय. यंदा पोरानं झेंडूची पहिली माळ सवयीनं ऐरणीला घातली, तर वडील खुर्चीतनं उठले, माळ काढली आणि दांड्याला घातली. मग मला म्हणाले, “लाव आता.”