पेन्शन कोण ठरवतं? ब्रिटनमधल्या विद्यापीठातून

"पौंडात पगार घेता, आणि वर संप कसला करता?" हा प्रश्न मला पुण्याहून, साताऱ्याहून, अगदी माझ्या जुन्या कॉलेजातल्या सरांकडूनही आला आहे. प्रश्न रास्त आहे. इथल्या प्राध्यापकांची, संशोधकांची, ग्रंथालयात आणि कार्यालयात काम करणाऱ्यांची नोकरी बाहेरून जेवढी निवांत दिसते तेवढी ती नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या विद्यापीठात संशोधक म्हणून आले आणि आता तिथेच शिकवते. 'जुनं' म्हणजे १९९२ च्या आधीपासून विद्यापीठ असलेलं. अशा विद्यापीठांतल्या प्राध्यापक-संशोधकांची पेन्शन 'यूएसएस' या योजनेत असते. १९९२ पासून पॉलिटेक्निकची जी विद्यापीठं झाली, तिथले शिक्षक बहुतेक करून सरकारी 'टीचर्स पेन्शन'मध्ये. गेल्या काही वर्षांतली मोठी भांडणं झाली ती यूएसएसवरून.

या योजनेतले बदल एका संयुक्त समितीत ठरतात. पाच जण विद्यापीठांच्या बाजूचे, पाच जण 'यूसीयू' या कर्मचारी संघटनेचे आणि एक स्वतंत्र अध्यक्ष. पाच विरुद्ध पाच झालं की अध्यक्ष ज्या बाजूला मत देतील तो निर्णय. जानेवारी २०१८ मध्ये खात्रीची पेन्शन बंद करून सगळं बाजाराच्या भरवशावर सोडण्याचा प्रस्ताव याच एका मताने पुढे सरकला. त्यावर साठहून अधिक विद्यापीठांत चौदा दिवसांचा संप झाला, तोही त्या वर्षीच्या बर्फवृष्टीत. मधेच वाटाघाटीतून एक तोडगा निघाला होता. संघटनेच्या देशभरातल्या शाखांनी तो दुसऱ्याच दिवशी फेटाळला. नेत्यांनी आणलेला तोडगा सभासदांनी एका दिवसात परत पाठवावा, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. शेवटी दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची समिती नेमण्यावर सभासदांचं मतदान झालं आणि प्रस्ताव मागे पडला.

पण तेवढ्यापुरताच. पुढे ३१ मार्च २०२० या तारखेचं मूल्यमापन झालं, म्हणजे योजनेकडचे पैसे आणि द्यायची पेन्शन यांचा हिशेब. कोविडने बाजार कोसळलेला होता, सरकारी रोख्यांचे व्याजदर तळाला होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत द्यायच्या पेन्शनची आजची किंमत काढताना हे व्याजदर धरले जातात. दर जितका कमी, तितकं ओझं मोठं दिसतं. तूट निघाली १४.१ अब्ज पौंडांची. संघटना सांगत होती की हा दिवस हिशेबाला धरू नका. समितीत पुन्हा पाच-पाच, पुन्हा अध्यक्षांचं मत विद्यापीठांच्या बाजूला. एप्रिल २०२२ पासून कपात लागू झाली.

ती अशी. आधी दर वर्षाच्या नोकरीमागे पगाराचा पंचाहत्तरावा भाग पेन्शन म्हणून जमा व्हायचा, तो पंच्याऐंशीवा झाला. ४०,००० पौंड पगारावर ५३३ च्या जागी ४७१. तीस वर्षं नोकरी केली तर म्हातारपणी दर वर्षी साधारण १,९०० पौंड कमी. शिवाय ४०,००० च्या वरच्या पगारावर खात्रीची पेन्शनच नाही.

मग ३१ मार्च २०२३ चं मूल्यमापन आलं. व्याजदर चढले होते. तुटीच्या जागी ७.४ अब्ज पौंड शिल्लक! योजना तीच, माणसं तीच. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या पगारातून कापला जाणारा हप्ता ९.८ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आला आणि एप्रिलमध्ये जुने लाभ परत आले. संपाचे दिवस आणि कापलेला पगार वाया गेला का, असं विचारणाऱ्यांना मी हे आकडे दाखवते. दोन वर्षं लोक कागद वाचत राहिले, प्रश्न विचारत राहिले, म्हणून शिल्लक दिसताच लाभ परत करण्यावाचून कुणाला पर्याय उरला नाही, असं माझं मत आहे.

आपल्याकडे १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. ही तारीख कुठल्याही शिक्षकाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. मार्च २०२३ मध्ये तर असं झालं की महाराष्ट्रात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्य कर्मचारी संपावर होते आणि त्याच आठवड्यात आम्ही इथे विद्यापीठाच्या फाटकाशी फलक घेऊन उभे होतो. पुढे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत इथे पेपर तपासण्यावर बहिष्कार होता, पगार आणि कंत्राटी नोकऱ्यांच्या प्रश्नावर. २०१३ साली एमफुक्टो या महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांच्या महासंघाने परीक्षांच्या कामावर टाकलेला बहिष्कार ज्यांना आठवतो, त्यांना यातली ओढाताण वेगळी सांगायला नको. विद्यार्थ्यांचे निकाल अडले, त्याचं वाईट आम्हालाही वाटत होतं. काही विद्यापीठांनी बाकीचं सगळं काम करूनही निम्मा पगार कापला, काहींनी सगळाच.

आम्हा बाहेरून आलेल्यांना यात आणखी एक धास्ती असते, व्हिसाची. वर्षात ठरावीक दिवसांहून जास्त बिनपगारी रजा झाली तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो. कायदेशीर संपाचे दिवस त्यात धरू नयेत, हा बदल २०१८ मध्ये झाला. तो झाला कारण संघटनेने आणि परदेशी सहकाऱ्यांनी मागे लागून करून घेतला. मी आले तेव्हा नियम बदललेला होता, तरी पहिल्या संपाच्या आधी रात्रभर झोप लागली नव्हती.

आणि आरोग्य अधिभार. इथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आम्ही इतरांसारखाच पगारातून कर भरतो, आणि व्हिसाच्या वेळी माणशी वर्षाला १,०३५ पौंड वेगळे, लहान मुलाचे ७७६. नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षांचा व्हिसा, म्हणजे ८,५३८ पौंड एकदम आगाऊ. नव्याने आलेल्या संशोधकाकडे एवढे पैसे कुठून असणार? काही विद्यापीठं कर्मचाऱ्याचा स्वतःचा खर्च परत देतात, कुटुंबाचा क्वचितच. हा खर्च विद्यापीठाने परत द्यावा, हीच आमच्या शाखेची मागणी सध्या सर्वांत पुढे आहे आणि तिच्यासाठी मी मनापासून काम करते.

संघटनेची ताकद मात्र हल्ली घटली आहे. संपासाठी टपालाने मतदान घ्यावं लागायचंच, त्यात २०१६ च्या कायद्याने निम्म्या सभासदांनी तरी मत द्यावं अशी अट घातली. २०२३ च्या शरद ऋतूतलं देशव्यापी मतदान या अटीत अडकलं. आता विषय पेन्शनचा राहिलेला नाही, नोकऱ्यांचाच आहे. स्थानिक विद्यार्थ्यांची फी २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं गोठलेली होती, त्यात २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही, त्यामुळे ते कमी झाले. कार्डिफ विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये ४०० जागा कमी करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सगळ्यांनाच हादरा बसला.

इकडे पोस्टडॉकला येणाऱ्यांनो, एवढं करा. रुजू झाल्याबरोबर संघटनेचे सभासद व्हा. अडचण आल्यावर झालात तर जुन्या प्रकरणात मदत मिळेलच असं नाही. शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीला संघटनेचा माणूस सोबत नेण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे, एकटे जाऊ नका. सलग करारांवर चार वर्षं झाली की कायम नोकरीचा दावा करता येतो, तो लेखी करा. आणि "आपण परत जाणार, कशाला पेन्शन" म्हणून योजनेतून बाहेर पडू नका. पगाराच्या १४.५ टक्के विद्यापीठ त्यात भरतं. दोन वर्षं पूर्ण झाली की हक्काची पेन्शन तुमच्या नावावर राहते, मग तुम्ही नाशिकला असा की नागपूरला.