आज ‘श्वास’ पुन्हा पाहिला

संदीप सावंत यांचा २००४ चा हा सिनेमा पालकपणातली सगळ्यात अवघड गोष्ट पकडतो: लेकराला खरं कसं सांगायचं. यातल्या छोट्या परशाला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि ऑपरेशनआधी हे त्याला सांगायलाच हवं. त्याच्या आजोबांना (अरुण नलावडे) शब्द सापडत नाहीत, तिथे आजही गलबलून येतं.

घरात लहान मूल असेल तर एवढं नक्की करा. हा आजार बहुतेकदा पाच वर्षांच्या आतच दिसतो. फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांच्या बाहुल्या सहसा लालसर येतात. त्यातली एखादी पांढरी किंवा पिवळट चमकली, किंवा नव्याने तिरळेपणा दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. (फोनमधलं ‘रेड आय’ घालवणारं सेटिंग बंद ठेवा, ते ही खूणच पुसू शकतं.) कधी नुसत्या कोनामुळेही बाहुली पांढरी दिसते, पण ते घरी ठरवता येत नाही. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा तपासतात. लवकर सापडलं तर बहुतेक मुलं वाचतात, पुष्कळदा डोळाही वाचतो.