आधी खर्च, मग परतावा

वादळी पावसाने आणि पुराने झोडपलेल्या अमेरिकी गावांना सरकारी मदत मंजूर झाल्याची बातमी वाचली की पैसा आठवड्याभरात गावाच्या खात्यात पोहोचत असेल, असा माझा बरेच दिवस समज होता. प्रत्यक्षात १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार नुकसान राज्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे दाखवून गव्हर्नरला राष्ट्राध्यक्षांकडे मागणी करावी लागते, आणि राष्ट्राध्यक्षांनी 'मोठी आपत्ती' घोषित केल्यावरच फेमा या संघीय संस्थेचा हा निधी खुला होतो. बाधित कुटुंबांसाठीची मदत वेगळी असते; मी लिहितो आहे ते रस्ते, पूल, पाणीपुरवठा अशा सार्वजनिक कामांविषयी.

या कामांच्या पात्र खर्चापैकी किमान ७५ टक्के भार संघीय सरकार उचलते आणि उरलेला राज्य व स्थानिक संस्था यांच्यावर पडतो. मला मात्र टक्केवारीपेक्षा क्रम अधिक जाचक वाटतो. मोठ्या कामांचा पैसा साधारणपणे परताव्याच्या रूपाने मिळतो, म्हणजे गावाने आधी खर्च करायचा आणि मग मजुरांचे तास, यंत्रांचा वापर, निविदेची पद्धत, राडारोडा कुठे टाकला, या सगळ्याचे कागद जोडून तो मागायचा. विम्याची रक्कम त्यातून वजा होते, ते योग्यच आहे. पण ज्या गावाचा सगळा कारभार एकदोन कारकुनांवर चालतो, त्याने चिखल उपसता उपसता हे दप्तर कसे सांभाळायचे?

दुसरा पेच मोऱ्यांचा, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचे पाणी जाऊ देणाऱ्या बांधकामांचा. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पावसाने व्हरमाँट राज्यातील असंख्य मोऱ्या वाहून गेल्या. ओढ्याला पुरेल अशी रुंद मोरी बांधावी, असे राज्याचे म्हणणे होते. उलट पूर्वी होती तेवढ्याच मोरीचा खर्च ग्राह्य, वाढीव आकाराचा नव्हे, अशी फेमाची सुरुवातीची भूमिका होती आणि त्यावरून दीर्घकाळ वाद चालला. पुढचे नुकसान टाळणाऱ्या सुधारणांसाठी कायद्यात तरतूद आहे, परंतु ती प्रत्येक कामागणिक मागून, पटवून घ्यावी लागते. जी मोरी एकदा पुरात टिकली नाही, तिच्याच मापाची मोरी पुन्हा बांधण्याला दुरुस्ती म्हणावे, हे मला पटत नाही. जुलै २०२३ मध्ये व्हरमाँटमध्ये पुन्हा मोठा पूर आला.