अर्धशिशीचं इंजेक्शन गालातल्या कळेवर चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वेंगुर्ल्यात माझा दातांचा दवाखाना आहे. ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाचे, म्हणजे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून उठणाऱ्या कळेचे, पेशंट बहुधा आधी दातांच्या डॉक्टरकडेच येतात, कारण कळ दाढेतूनच निघते असं वाटतं. बाजारात मासळी विकणाऱ्या एक मावशी भर मे महिन्यात पदर गालावर घट्ट धरून आल्या होत्या. वाऱ्याची झुळूक लागली तरी करंट बसल्यासारखी कळ जायची, काही सेकंदांत थांबायची, घास चावला की पुन्हा. "डॉक्टरानू, ही दाढ एकदाची काडून टाका." दाढ ठणठणीत होती. अशा कळेपायी चांगल्या दाढा गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव तुटतो.

आता इंजेक्शनचं. तुमच्या मनात हे आलं ते साहजिक आहे. अर्धशिशीचं दुखणंही चेहऱ्याच्या याच नसेशी जोडलेलं असतं. त्या वेळी तिच्यातून सीजीआरपी नावाचा पदार्थ सुटतो. एरेनुमॅब हे औषध तो जिथे जाऊन चिकटतो ती जागाच अडवतं. अमेरिकेत २०१८ साली त्याला अर्धशिशीसाठी मान्यता मिळाली. मग डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ते न्यूरॅल्जियावर तपासलं. ८० पेशंट घेतले, ४० जणांना औषध टोचलं, ४० जणांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन, आणि चार आठवडे वाट पाहिली. २०२२ मध्ये निकाल आला. औषध मिळालेल्यांपैकी १४ जणांचं दुखणं ठरवलेल्या प्रमाणात कमी झालं होतं, औषध न मिळालेल्यांपैकी १८ जणांचं!

हे १८ नीट पाहा. ही कळ आपणहून चढते-उतरते, महिनोन् महिने गप्पही बसते. नुसतं औषध देऊन "बरं वाटलं का" विचारलं असतं, तर त्या १४ जणांच्या जिवावर हे इंजेक्शन गावोगाव पोचलं असतं. म्हणून नकारार्थी निकाल छापणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

तेव्हा आज तरी माझं उत्तर 'नाही' असंच आहे. बऱ्याच जणांत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबून बसते, नसेचं आवरण झिजतं आणि ती उगाच पेटत राहते. तिला शांत करायला कार्बामाझेपिन ही १९६०च्या दशकापासूनची गोळीच अजून पहिली. तिने झोप येते, तोल जातो, म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरतं; म्हणून तपासण्या चुकवू नका, मनाने डोस वाढवू नका की एकदम बंदही करू नका. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळी पुरेनाशी झाली तर रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याचं ऑपरेशन असतं.

इंजेक्शनसाठी पैसे बाजूला ठेवले असतील, तर ते गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाण्यायेण्याला आणि एमआरआयला लावा. न्यूरॉलॉजिस्टना दाखवल्याशिवाय दाढ मात्र कुणालाही काढू देऊ नका.