झिजलेला बूट

आमच्या घरी मुलाने काही नवीन केलं की गोड होतं. पालथा पडला, पुऱ्या. उंबरा ओलांडला, शिरा. सासूबाईंचा नियम, त्यामुळे चर्चा नाही. जावेच्या मुलाने पहिल्या वर्षात सगळं वेळच्या वेळी उरकलं, मग आमचे चिरंजीव आले, 31व्या आठवड्यातच, आणि नियमाची पंचाईत झाली.

लसीकरणाच्या कार्डावर चित्रं असतात ना, मान धरलेलं बाळ, बसलेलं बाळ, उभं राहिलेलं बाळ, ते कार्ड मी शेवटी साड्यांच्या खाली ठेवून दिलं. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात मुलं साधारण 8 ते 18 महिन्यांत आधाराशिवाय चालायला लागतात, आमचा दीड वर्षाचा झाला तरी उशी लावल्याशिवाय बसत नव्हता. पुढे निदान झालं, सेरेब्रल पाल्सी, त्यातलं स्पॅस्टिक डायप्लेजिया. मेंदूला झालेली इजा वाढत नाही म्हणे, पण पायाचे स्नायू कडक राहतात. मूल कितपत हालचाल करू शकतं त्याच्या जीएमएफसीएस म्हणून 5 लेव्हल असतात त्यातली तिसरी, म्हणजे हातात वॉकर असला तर चालेल. तो 'तर' मी कितीतरी दिवस चघळत होते.

पण खरं छळलं ते बुटांनी. दर वाढदिवसाला कोणीतरी बूट आणायचंच, लाईटवाले, शिट्टीवाले. ते लहान व्हायचे आणि तळ मात्र दुकानातून आणला तसा. एकदा एक जोड जावेला दिला तर ती म्हणाली, अगं नवेच आहेत की, घातले नाहीस का त्याला? तिच्या मनात काही नव्हतं हे कळत होतं, तरी रात्री मला जेवण गेलं नाही.

गोडाचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. त्या थेरपीला यायला लागल्या, कोपऱ्यात स्टूलवर बसायच्या आणि काय मोजायचं ते स्वतः ठरवायच्या. गुडघे सरळ धरणारे गेटर बांधून 10 सेकंद उभा राहिला, शिरा. एकदा व्यायाम चालू असताना चिडून त्याने स्प्लिंटचे वेल्क्रो स्वतःच्या हाताने टराटरा काढून फेकले, फिजिओ मॅडम बघतच राहिल्या, सासूबाई म्हणाल्या, हाताला जोर आला बघ. पुऱ्या!

सहाव्या वर्षी उंची एकदम वाढली आणि आलेलं बरंचसं गेलं. हाडं वाढतात आणि कडक स्नायू मागे पडतात, टाच पुन्हा वर, मग स्नायू सैल पडावेत म्हणून पोटऱ्यांत बोटॉक्सची इंजेक्शनं, नवीन एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारे स्प्लिंट, पुन्हा पहिल्यापासून. ह्यांनी विचारलं, आता शिरा परत करायचा का? मी हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, ते असो.

वॉकरवर पहिल्यांदा गेटपर्यंत गेला त्याचा व्हिडिओ नातेवाइकांत फिरला, जिद्दीला सलाम वगैरे. जिद्द कसली, समोरच्या दुकानात पेप्सीकोला मिळतो.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर उजवा बूट हातात घेतला तर पुढचं टोक फाटलेलं! एएफओवरून घालायचे म्हणून आम्ही दोन नंबर मोठे घेतो, त्यात त्याचा गुडघा वेळेवर वाकत नाही आणि पंजा घासत जातो. फिजिओच्या दृष्टीने ही काही चांगली चाल नव्हे. मी बूट उलटा केला. तळावरची नक्षी पुसली होती, खाचांत शाळेच्या ग्राउंडची लाल माती. सासूबाईंना दाखवला, त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि काही न बोलता रवा काढला.

स्टँडजवळ चपला शिवणारे काका आहेत त्यांच्याकडे नेला. बोट घालून बघत म्हणाले, काय ओ ताई, पोरगं फुटबॉल खेळतंय काय? मी म्हटलं, हो ना, ऐकतच नाही. का म्हटलं माहीत नाही, पण घरी येईपर्यंत चालताना मजा वाटत होती. 40 रुपयांत टोकाला रबर मारून मिळालं.

ते रबर महिनाभर टिकलं. दुसरं तीन आठवडे. परवा तिसऱ्यांदा टोक उघडलं तेव्हा मी चक्क ओरडले, अरे पाय जरा उचलून टाक की, किती बूट फाडशील!

चिरंजीव शांतपणे म्हणाले, मग आज शिरा का पुऱ्या?