तिसरा विषय

बारावीची गुणपत्रिका समोर आली की एकूण टक्क्यांकडं मी बघतसुद्धा नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तीन ओळींवरून बोट फिरवायचं, मनात बेरीज करायची, १३५ च्या वर गेली की पुढचा कागद मागायचा. खुल्या प्रवर्गाला ३०० पैकी १३५, म्हणजे ४५ टक्के. आरक्षित प्रवर्गाला आणि ईडब्ल्यूएसवाल्यांना, म्हणजे खुल्यातल्याच गरीब घरच्यांना, १२० चालतात. बेरीज खाली आली की गुणपत्रिका उलटी करून परत द्यायची. उलटी का, ते मलाही सांगता येणार नाही. हाताला तशी सवय लागलीय.

नगरजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. निकाल लागून सीईटी सेलचं, म्हणजे प्रवेशाचं काम बघणाऱ्या राज्याच्या ऑफिसचं, वेळापत्रक आलं की आमच्या लायब्ररीचा वाचनकक्ष रिकामा करतात, सहा कॉम्प्युटर मांडतात आणि तिथं सुविधा केंद्र सुरू होतं. आम्ही त्याला एफसी म्हणतो. पोरांनी भरलेले फॉर्म आणि मूळ कागद ताडून बघायचे, चूक असेल तर दुरुस्त करायला लावायची, बरोबर असेल तर कन्फर्म करायचं. पोरगं पुढं कुठल्याही कॉलेजात जावो, तपासणी जवळच्या केंद्रावर होते. वरवर बघता काम हमालीचंच. पण टेबलाच्या पलीकडं उभ्या असलेल्या बापाला आपण न्यायाधीश वाटतो, आणि चार-पाच वर्षं तसं वाटून घेतलं की आपल्यालाही थोडं तसंच वाटायला लागतं.

२०२४ च्या जुलैत गर्दी नेहमीपेक्षा वेगळी होती. ८ जुलैला शासनाचा जीआर निघाला होता : वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. त्याआधी अर्धी होती. व्हॉट्सअपवर तो जीआर ‘मुलींचं सगळं शिक्षण फुकट’ असा होऊन गावोगाव फिरला. तोवर ज्यांनी पोरीचं इंजिनिअरिंग डोक्यातूनच काढून टाकलं होतं, ते बाप प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन यायला लागले. त्यातले बरेचसे उशिरा.

हे दोघं आले शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला. पाच वाजता सिस्टीम बंद होणार होती. बाप चाळिशीतला, पायजम्याच्या टाचांवर चिखलाचे वाळलेले थेंब. पाथर्डी तालुक्यातलं गाव. दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. “सकाळचं दूध डेअरीला घातलं, टेम्पो मालकाच्या दारात लावला, मग यस्टी धरली,” असं त्यांनी न विचारताच सांगितलं. उशीर का झाला, हे मी कुणाला विचारत नाही, पण उशिरा आलेला माणूस सांगतोच. मुलगी मागं उभी होती. वडील बोलत असताना ती माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत होती.

दहावीची गुणपत्रिका : ९१.२०. बारावीची : इंग्रजी ६१, मराठी ७८, फिजिक्स ४९, केमिस्ट्री ३६, मॅथ्स ४३, बायोलॉजी ७४.

असे कागद रोज येतात. दहावीला नव्वदच्या पुढं, म्हणून गावानं सत्कार केलेला, शाल-नारळ दिलेला, ‘सायन्सच घे’ म्हणून सांगितलेलं. आणि बारावीला एकदम पन्नाशी. पूर्वी मला वाटायचं, पोरं अकरावीत मोबाईलच्या नादी लागतात. काही लागतातही. पण एकाच तालुक्यातली पंधरा-वीस पोरं एका दिवसात तपासली की वेगळंच दिसायला लागतं. एका ज्युनिअर कॉलेजच्या सगळ्या पोरांना फिजिक्स कमी, दुसऱ्याच्या सगळ्यांना मॅथ्स कमी. कुठल्या गावात कुठल्या विषयाचे सर नाहीत, हे मी खुर्चीत बसून सांगू शकतो. हिचं केमिस्ट्री मी विचारलंच. तासिकेवर लागलेले सर दिवाळीच्या सुट्टीला गेले ते परत आलेच नाहीत, म्हणाली. प्रॅक्टिकलच्या मार्कांनी तारलं.

बोट तीन ओळींवरून फिरलं. ४९, ३६, ४३. १२८.

“ईडब्ल्यूएसचा दाखला काढलाय का?”

“उत्पन्नाचा हाये,” वडिलांनी तहसीलदारांचा दाखला पुढं केला. वर्षाचे ८४ हजार.

“हा नाही दादा. ईडब्ल्यूएसचा वेगळा असतो.”

तो नव्हता. काढावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि दोन तासांत तो मिळत नाही. खुल्या प्रवर्गातून १३५ लागतात, सात कमी पडतात, बसत नाही. मी गुणपत्रिका उलटी करून सरकवली आणि मागच्या माणसाला हात केला. त्याच आठवड्यात दोन-तीन जणांना मी असंच सरकवलं होतं.

वडील लगेच वळले. परत फिरायची त्यांना इतकी सवय असावी की चेहऱ्यावर फारसं काही आलंही नाही. मुलगी मात्र जागची हलली नाही.

“सर, तिसरा विषय बायोलॉजी धरत नाहीत का?”

मी म्हणालो, “बायोलॉजी मेडिकलला, फार्मसीला. इंजिनिअरिंगला पीसीएम.” हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलेन.

तिनं मोबाईल पुढं केला. काचेला आडवी चीर. सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडलेली, सगळी इंग्रजीत, आणि पात्रतेच्या पानावर तिनं पिवळी रेघ ओढलेली. फिजिक्स आणि मॅथेमॅटिक्स सक्तीचे. त्यांच्यासोबत केमिस्ट्री, त्यापुढं तिरक्या रेघा मारून इतर विषयांची ही लांब रांग. त्या रांगेत बायोलॉजी होतं. मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. ती पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणात छापील पडली होती. तिच्यावर मी दुपारचा डबा ठेवायचो.

४९, ४३, ७४. १६६. पंचावन्न टक्के.

तरी लगेच ‘हो’ म्हणायचं धाडस झालं नाही. केंद्राचे प्रमुख प्राध्यापक आत चहा घेत होते, त्यांच्याकडं पळालो. ते म्हणाले, “चालतं की. नियमात आहेच. फॉर्म भरून देणारे नेटकॅफेवाले डोळे झाकून केमिस्ट्री टाकतात म्हणून दिसत नाही.” कॅफेवाल्यांचं नाव घेऊन त्यांनी मला वाचवलं, असं मला वाटलं.

बाहेर आलो तेव्हा तीन पंचवीस झाले होते. आता फॉर्म दुरुस्त करायला हवा होता. पात्रतेच्या रकान्यात केमिस्ट्रीच्या जागी बायोलॉजी. फॉर्म उघडला, बदल करायला गेलो, तर मोबाईलवर ओटीपी मागायला लागला. नंबर कुणाचा? मुलीनं वडिलांकडं बघितलं, वडिलांनी मुलीकडं. तो नंबर गावातल्या कॅफेवाल्याचा निघाला. हे लोक पन्नास पोरांचे फॉर्म स्वतःच्या नंबरवर भरतात, म्हणजे पोरगं परत परत त्यांच्याच दारात येतं. कॅफेवाल्याला फोन लावला, उचलेना. चार वेळा लावला. शेवटी वडिलांनी गावातल्या दुसऱ्या टेम्पोवाल्याला फोन करून त्याला कॅफेवाल्याच्या घरी पिटाळलं. तो दुपारचा झोपला होता. फोनवरून उठवल्याचा, दार वाजवल्याचा, कुत्र्याचा, सगळा आवाज आम्हाला ऐकू येत होता. ओटीपी आला, मुलीनं आकडे टाकले, तोवर त्याची मुदत संपली. दुसरा मागवला. “झोपू नको रे परत, तिथंच थांब,” वडील ओरडले आणि लायब्ररीत बसलेले सगळे हसले. मुलगीही हसली, तेवढंच.

सर्व्हर रांगत होता. शेवटच्या दिवशी तो रांगतोच. मधल्या वेळात वडिलांनी हळू आवाजात विचारलं, “सायेब, आज नाही झालं तर नंतर नाही व्हणार का? थोडा दंड भरून?”

हा प्रश्न जवळपास प्रत्येक उशिरा आलेला बाप विचारतो. लाईटबिल उशिरा भरलं की दंड लागतो, सोसायटीचा हप्ता उशिरा भरला की व्याज लागतं, तसंच इथंही असेल असं वाटतं. मी सांगितलं, “दादा, नंतर ॲडमिशन मिळेल. जागा रिकाम्या राहतात, कॉलेजं बोलावून देतील. पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या या प्रवेश फेऱ्यांमधून, नाव लागलं तरच फी माफ. कॅपच्या बाहेरून घेतलं तर त्याच वर्गात, त्याच बाकावर बसेल पोरगी, पण फी पूर्ण भरावी लागेल.”

“किती?”

“कॉलेजवर आहे. लाखाच्या आसपास धरा.”

ते गप्प झाले. मग मीच पुढचंही सांगून टाकलं, कारण ते न सांगणं मला फसवल्यासारखं वाटतं : माफ होते ती शिकवणी फी आणि परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी भरावीच लागते. होस्टेल, मेस, बस वेगळं. पुस्तकं वेगळी.

“म्हणजे फुकाट नाही,” ते म्हणाले. तक्रार नव्हती, नोंद करून ठेवल्यासारखं म्हणाले. “पोरीनं सीईटी दिली तेव्हा मीच म्हणलो होतो, भर फॉर्म पण आशा धरू नको. निकाल बघून म्हणलो, बीएस्सी कर इथंच. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. जीआर आला त्या दिवशी फक्त म्हणली, आता काय अडचणंय?”

चार बावन्नला कन्फर्म झालं. पोचपावतीची प्रत काढली, सही केली, शिक्का मारला. शिक्का जरा जोरातच बसला. मुलीनं पावती वाचली, अगदी खालपर्यंत, आणि पात्रतेच्या रकान्यावर बोट ठेवून बायोलॉजी आहे ना याची खात्री करून घेतली. मग दोघं स्टँडकडं गेले. (पुढं दुसऱ्या फेरीत तिला जागा मिळाली, आमच्याकडं नाही, दुसऱ्या कॉलेजात. डेव्हलपमेंट फी हप्त्यानं घेतील का, हे विचारायला वडिलांनी मलाच फोन केला होता. त्या कॉलेजात कुणाशी बोलायचं ते मी सांगितलं.)

त्या दिवशी जेवण राहिलंच होतं. सव्वापाचला खण उघडून डबा काढला, त्याच्याखालची पुस्तिका काढली आणि जेवता जेवता ते पान वाचलं. डोक्यात एकच चाललं होतं : या आठवड्यात मी परत पाठवलेली पोरं. त्यांची नोंद आम्ही ठेवत नाही. रजिस्टरमध्ये येतात ती कन्फर्म झालेली नावं. उलटी केलेली गुणपत्रिका जिथून आली तिथं जाते, संपलं.

एक मुलगा मात्र आठवला, कारण तो जाताना ‘थँक्यू सर’ म्हणाला होता. हातात कुठल्याशा साडी सेंटरची पिशवी होती. त्याची बेरीज १२९ झाली होती. तेवढंच लक्षात होतं. बायोलॉजी होतं की नव्हतं, हेसुद्धा मी बघितलं नव्हतं. त्याच्याबरोबर त्याचा मित्र आला होता आणि मित्राचा फॉर्म बसला होता. म्हणजे मित्राचा नंबर रजिस्टरमध्ये असणार. तीन दिवसांची पानं उलटली, गावाच्या नावावरून मित्र सापडला.

साडेसहाला सीईटी सेलची सूचना आली : मुदतवाढ. अजून दोन दिवस. दरवर्षीप्रमाणेच. सगळे सहकारी वैतागले, उद्या परत यायचं म्हणून. कॅफेवाल्याला झोपेतून उठवल्याचं आठवून मला हसू आलं आणि त्याच वेळी मित्राचा नंबर हातात होता.

मित्रानं त्या मुलाचा नंबर दिला. पहिल्यांदा लावला तेव्हा लागला नाही. रात्री नऊनंतर त्याचाच फोन आला.

“सर, कोण?”

मी सांगितलं कोण ते. तो घाबरला असावा. कागदात काही राहिलं का, म्हणाला. मी म्हणालो, नाही, एक विचारायचं होतं. बारावीला बायोलॉजी होतं का तुला?

“होतं सर. एकाहत्तर पडले. का?”

मी कारण सांगितलं. चूक माझी होती, तेही सांगितलं. पलीकडं मशिनचा का पंख्याचा आवाज येत होता. तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला होता, परवापासून. कॉन्ट्रॅक्टवर, बारा तास, तेरा हजार. चुलत्यानं लावून दिलं होतं. मी म्हणालो, अजून दोन दिवस आहेत, ये, मी स्वतः फॉर्म करून देतो.

तो थोडा थांबला. “सर, मुलांना फी अर्धीच माफ ना?”

“हो. अर्धी.”

“उरलेली अर्धी किती होईल?”

मी आकडा सांगितला. त्यानं तो मनात तेरा हजारांनी भागला असावा, कारण पुन्हा बोलायला तेवढाच वेळ लागला. म्हणाला, घरी विचारतो सर, जमलं तर येतो. आणि परत ‘थँक्यू सर’.

पुढचे दोन दिवस मी दाराकडं तोंड करून बसलो होतो. फिजिक्स ४६, मॅथ्स ४४, बायोलॉजी ७१. हे आकडे त्यानं फोनवरच सांगितले होते. बेरीज १६१.